जमैकाला समलैंगिकांचा एवढा राग का, आणि तो नेमका कोणावर निघतो

२०१९ च्या फेब्रुवारीत इंग्लंडची टीम वेस्ट इंडिजला गेली होती, तिसरी टेस्ट सेंट लुसियाला, जो रूट बॅटिंग करतोय आणि शॅनन गेब्रियल बॉलिंगला. दोघांमधे काहीतरी बाचाबाची झाली, गेब्रियल काय बोलला ते स्टंप माइकमधे आलं नाही पण रूटचं उत्तर सगळ्या जगाने ऐकलं, की हे शिवी म्हणून वापरू नकोस, गे असण्यात काही चूक नाही. नंतर गेब्रियलने माफी मागितली आणि स्वतःच सांगितलं की तुला मुलगे आवडतात का असं तो बोलला होता. चार वनडेची बंदी बसली. तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा जाणवलं की त्या बेटांवर या विषयाला काहीतरी वेगळीच धार आहे.

आता वेस्ट इंडिज म्हणजे एक देश नाही हे क्रिकेटवाल्यांना माहीतच आहे, प्रत्येक बेटाचा कायदा वेगळा, सरकार वेगळं, आणि या बाबतीतली वागणूकही वेगळी. मी इथे मुख्यतः जमैकाबद्दल लिहितोय, कारण त्या बेटाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचंही. २००६ ला टाइम मासिकाने तर जगातली सगळ्यात होमोफोबिक, म्हणजे समलैंगिकांचा द्वेष करणारी, जागा हीच का असं विचारून टाकलं. आणि तेव्हापासून जमैका म्हटलं की एकतर बॉब मार्ली, बोल्ट, गेल, नाहीतर "तिथे गे लोकांना मारतात". मारतात हे खोटं नाही, पुढे सांगतोच. पण एवढ्यावर थांबलं की असं वाटायला लागतं की त्या लोकांच्या रक्तातच काहीतरी आहे, आणि ते मला अजिबात मान्य नाही. रक्तात काही नसतं, हा राग कुणीतरी तयार केलाय, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी, आणि ते सगळं तारखांसकट सापडतं.

देश केवढा, तर आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान, लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास. एवढ्याशा जागेत कोण कुणाचा मुलगा, कुठल्या शाळेत होता, कुठल्या चर्चला जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. हे लक्षात ठेवा, पुढे याचा खूप संबंध येणारे.

आधी कायदा. जमैकात १८६४ चा एक कायदा आहे, शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांचा. त्याच्या ७६ व्या कलमात पुरुषांमधल्या संबंधांना "घृणास्पद गुन्हा" म्हणून दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ७९ व्या कलमात दोन पुरुषांमधल्या कुठल्याही "असभ्य" वर्तनाला दोन वर्षं, मग ते बंद दाराआड असलं तरी. तिथले लोक याला नुसतं बगरी लॉ म्हणतात. स्त्रियांबद्दल कायद्यात काहीच नाही, त्यावर नंतर येतो. सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीने काही केलं म्हणून जेलमधे गेले अशा केसेस फार होत नाहीत, पण म्हणून कायदा निरुपयोगी आहे असं समजू नका. तो पुस्तकात नुसता असला की पुरतो. कुणी तुम्हाला ब्लॅकमेल केलं, घरात घुसून मारलं, तर तुम्ही पोलिसात जाऊन काय सांगणार? तक्रार द्यायला गेलेला माणूसच कायद्याने गुन्हेगार ठरतो, आणि हे मारणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

हा कायदा ओळखीचा वाटला असेल, वाटणारच, कारण आपलं जुनं ३७७ कलम आणि हा एकाच घरातले. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३३ ला असला पहिला कायदा केला, शिक्षा मृत्यूची. पुढे १८६० ला भारतात दंडसंहितेत तो ३७७ बनून आला, १८६१ ला इंग्लंडने स्वतःचा नवीन कायदा केला आणि १८६४ ला जमैकाने जवळजवळ तोच उचलला. इंग्लंडने १९६७ ला खाजगीतल्या संबंधांना गुन्ह्यातून मोकळं करायला सुरुवात केली. जमैका त्याआधी पाच वर्षं म्हणजे ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला होता, त्यामुळे लंडनमधे झालेला बदल किंग्स्टनला पोचलाच नाही. आणि आज जमैकातला एखादा पुढारी छाती ठोकून म्हणतो की ही आमची संस्कृती आहे, बाहेरच्यांनी शिकवू नये, तेव्हा तो खरंतर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजांचं मत आपलं म्हणून सांगत असतो.

१८६४ हे साल जरा नीट बघा. तेव्हा जमैकाच्या असेंब्लीत मळेवाले आणि त्यांचेच लोक बसायचे, ज्या काळ्या जमैकन माणसांच्या नावाने आज हा कायदा राखला जातो त्यातल्या बहुतेकांना मत द्यायचा अधिकारच नव्हता. पुढच्याच वर्षी, १८६५ ला, मोरँट बेला उठाव झाला. पॉल बोगल नावाचा बॅप्टिस्ट डीकन लोकांना घेऊन न्याय मागायला कोर्टावर चालून गेला, आणि गव्हर्नर आयरने तो उठाव चिरडताना चारशेहून जास्त माणसं मारली. बोगलला फाशी दिलं. आज तो जमैकाचा राष्ट्रीय वीर आहे. ज्या राज्यकर्त्यांनी बोगलला लटकवलं त्यांचाच हा कायदा, आणि सगळ्यांना मताचा हक्क मिळाला तो थेट १९४४ ला. मला ही गोष्ट जमैकाबद्दलच्या लेखांमधे क्वचितच दिसते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण जमैकन माणसाला पटेल असा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे.

मग असला परका कायदा लोकांना आपला का वाटतो? याचं उत्तर चर्चमधे आहे, आणि चर्चबद्दल बोलताना आपण भारतात बसून जी घाई करतो ती इथे करून चालणार नाही. जमैकात दर चौरस मैलामागे जगात सगळ्यात जास्त चर्च आहेत असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, अँग्लिकन, सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट, आणि पेंटेकोस्टल तर गल्लोगल्ली. पण हे चर्च वरून लादलेलं एवढंच नव्हतं. १८३१ च्या नाताळात गुलामांचा जो मोठा उठाव झाला त्याचा नेता सॅम शार्प हा बॅप्टिस्ट उपदेशकच होता. १८३४ ला गुलामगिरी संपली असं जाहीर झालं, प्रत्यक्षात १८३८ ला सुटका झाली, तेव्हा मळा सोडून निघालेल्या लोकांना राहायला जमीन कुठे होती? बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी जमिनी विकत घेऊन मुक्त झालेल्यांची गावं वसवली, शाळा काढल्या, लग्नं नोंदवली. म्हणजे जमैकन माणसाच्या आठवणीत चर्चने माणूसपण दिलं, अक्षरओळख दिली, छप्पर दिलं. अशा संस्थेतून रविवारी पास्टर सांगतो की हे पाप आहे, तर त्याच्या शब्दाला सरकारपेक्षा वजन असणारच. आज्जीने ज्या बायबलवर वाचायला शिकवलं त्या बायबलशी भांडणं सोपं नसतं.

आणि त्या मिशनऱ्यांनी आणखी एक गोष्ट दिली, प्रतिष्ठा म्हणजे काय याची व्याख्या. लग्न, एक नवरा एक बायको, स्वच्छ कपडे, रविवारची हजेरी. गुलामगिरीत लग्नाला, कुटुंबाला काही किंमतच नव्हती, मालक वाटेल तेव्हा आई एकीकडे पोर दुसरीकडे विकायचा, त्यामुळे सुटका झाल्यावर रीतसर कुटुंब असणं हे आम्ही माणसं आहोत याचा पुरावा झालं. या प्रतिष्ठेच्या चौकटीत समलैंगिक माणूस बसत नाही. मी हे समर्थन म्हणून सांगत नाहीये, पण हे कळल्याशिवाय तिथली साधी, प्रेमळ, शेजाऱ्यांसाठी जीव टाकणारी बाई याच एका विषयावर एवढी कठोर का होते ते कळणार नाही.

पुरुषांचं गणित आणखी वेगळं. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमधे तरुण मुलाकडे नोकरी नाही, घर नाही, बाप बऱ्याचदा घरात नाही, मग मर्द असणं ही एकच गोष्ट उरते जी त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, आणि ती सतत सिद्ध करत बसावी लागते. कसा चालतो, कसा बोलतो, किती मुली फिरवतो. अभ्यासात जास्त लक्ष घालणाऱ्या मुलालासुद्धा बायकी म्हणून चिडवतात. आणि याचा परिणाम कुठवर जातो, तर जमैकात पुरुषांमधे प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण खूप आहे, आणि कित्येक पुरुष तपासणीला जातच नाहीत कारण डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून तपासतात आणि त्यात आपली मर्दानगी जाईल अशी भीती. तिथले डॉक्टर वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत. म्हणजे गे लोकांबद्दलची ही भीती जे गे नाहीत त्यांचाही जीव घेते.

आता गाणी. डान्सहॉल हे जमैकाचं रस्त्यावरचं संगीत, गरीब वस्तीतून आलेलं, प्रचंड ताकदीचं. बूजू बॅन्टनचं १९९२ ला गाजलेलं एक गाणं होतं ज्यात गे माणसांना गोळ्या घालायची उघड भाषा होती. लिहिलं तेव्हा तो कोवळा पोरगा होता. पुढे बऱ्याच गायकांनी तेच केलं, कारण स्टेजवर तशी एक ओळ टाकली की गर्दीतून हमखास आरोळी उठायची. मग ब्रिटनमधून या "मर्डर म्युझिक" विरुद्ध मोहीम सुरू झाली, युरोप अमेरिकेतले शो धडाधड रद्द व्हायला लागले, गायकांचे पैसे बुडायला लागले. २००७ ला काही गायकांनी यापुढे अशी गाणी म्हणणार नाही अशा करारावर सह्या केल्या, त्यातल्या काहींनी जमैकात परतल्यावर सही केलीच नाही म्हणून सांगितलं. बूजूने स्वतः २०१९ ला ते गाणं आपल्या कॅटलॉगमधून काढून टाकलं. मोहिमेचा उपयोग झाला का? झाला, गाण्यातली ती भाषा खूप कमी झाली. पण देशात असंही वाटलं की गोरे लोक परत येऊन आम्हाला काय गायचं ते सांगतायत, आणि त्याची चीड तिथल्याच गे मुलांवर निघाली, लंडनमधे बसलेल्यांवर निघणं शक्यच नव्हतं. दोन्ही खरं आहे.

इथे एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. त्याच डान्सहॉलमधे पुरुष डान्सर घट्ट जीन्स घालतात, भुवया कोरतात, आठ आठ पोरं मिळून तासन्‌तास एकत्र नाचतात, चेहरा गोरा करायची क्रीमं लावतात, आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. गावरान नाटकांमधे शेबाडा नावाचं एक पात्र आहे, बायकी हावभाव, तोंडाळ, बाई की पुरुष विचारलं तर मी बॉर्डरवर आहे म्हणून सांगणारं, आणि लोक तिकिटं काढून, पोराबाळांना घेऊन बघायला जातात, पोट धरून हसतात. तसाच एखादा मुलगा नाटकाबाहेर बसस्टॉपवर दिसला तर? म्हणजे लोकांना ते बघवत नाही असं नाहीये. स्टेजवर चालतं, कारण तिथे कुणी हक्क मागत नाही, मी असा आहे आणि मला असंच राहू द्या असं म्हणत नाही.

आणि माझं या सगळ्याबद्दलचं मुख्य म्हणणं इथेच आहे. जमैकात गे माणसं आहेत हे सगळ्यांना माहिती आहे, वकील, डॉक्टर, शाळामास्तर, चर्चमधे ऑर्गन वाजवणारा. बोलायचं नाही एवढीच अट. जोवर तुम्ही लपून आहात तोवर पुष्कळ चालवून घेतलं जातं. पण लपायला पैसे लागतात. किंग्स्टनच्या अपटाउनला डोंगरउतारावरच्या बंगल्यात राहणाऱ्याकडे गेट आहे, गाडी आहे, मित्रांच्या पार्ट्या बंद दाराआड होतात, कधी मायामीला जाऊन येता येतं. डाउनटाउनला पत्र्याच्या एका खोलीत पाच जण राहतात, संडास सामाईक, ये-जा पायी किंवा खचाखच टॅक्सीतून. त्या पोराने लपायचं कुठे? कायदा दोघांना सारखाच, पण मार खाणारा कोण ते पत्त्यावर ठरतं. ज्यांनी वर्षानुवर्षं जमैकातल्या हल्ल्यांच्या नोंदी ठेवल्या त्यांच्या कागदांत गरीब, बायकी वाटणारी मुलं आणि ट्रान्स मुली पुन्हा पुन्हा दिसतात.

जे-फ्लॅग ही समलैंगिकांच्या हक्कांसाठी लढणारी तिथली पहिली मोठी संघटना, १० डिसेंबर १९९८ ला म्हणजे मानवी हक्क दिनाला सुरू झाली. त्याआधी आणि नंतरही बराच काळ टीव्हीवर चेहरा न लपवता बोलणारा माणूस म्हणजे तिचा एक संस्थापक ब्रायन विल्यमसन. जून २००४ मधे त्याच्या घरात त्याचा खून झाला, चाकूने आणि कोयत्याने. पोलिसांनी लुटीची केस म्हणून बघितलं. ह्यूमन राइट्स वॉचची एक संशोधक त्याच दिवशी त्याला भेटणार होती, ती पोचली तर बाहेर जमलेल्या गर्दीतले काही जण हसत होते, गाणी म्हणत होते. जे-फ्लॅगचा दुसरा एक संस्थापक लॅरी चँग याला त्याच वर्षी अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला. २००७ च्या व्हॅलेंटाइन डेला किंग्स्टनमधे एका मेडिकल स्टोअरमधे अडकलेल्या तिघांभोवती एवढा जमाव जमला की पोलिसांना अश्रुधूर सोडून त्यांना बाहेर काढावं लागलं, आणि २०१३ च्या जुलैत माँटेगो बे जवळ एका पार्टीत मुलीच्या कपड्यात नाचायला गेलेलं १६ वर्षांचं पोर, कुणीतरी ओळखलं आणि जमावाने त्याला मारून टाकलं. घरच्यांनी त्याला आधीच बाहेर काढलेलं होतं.

घराबाहेर काढलेली अशी पोरं जातात कुठे? न्यू किंग्स्टन म्हणजे बँका, हॉटेलं असलेला भाग, तिथे पावसाचं पाणी वाहून न्यायला सिमेंटचे मोठे उघडे नाले आहेत, त्यांना गली म्हणतात. त्या नाल्यात ही मुलं राहायला लागली. चटया, प्लास्टिक, चूल, सगळं नाल्यात. पाऊस आला की पळायचं. पोलीस येऊन उठवायचे, सामान जाळलं जायचं, ती परत यायची. शहराच्या सगळ्यात श्रीमंत व्यापारी भागाच्या खाली, अक्षरशः पायाखाली. आसपासचे लोक वैतागायचे, कारण त्यातली काही चोऱ्या करायची, धंदा करायची. मग पेपरात यायचं की बघा हे लोक कसे असतात. पंधरा-सोळाव्या वर्षी घरातून हाकललेलं पोर, शाळा सुटलेली, ते जगणार कशावर हा प्रश्न विचारणारे थोडे होते.

स्त्रियांबद्दल कायदा गप्प आहे म्हटलं, म्हणून त्या सुरक्षित आहेत असं नाही. लेस्बियन मुलींवर "सरळ करण्यासाठी" म्हणून बलात्कार झाल्याच्या घटना नोंदवल्या गेल्यात. एका स्त्रीवर २००८ ला तिच्या घराशी गोळ्या झाडल्या, ती वाचली, देश सोडून गेली, आणि तिची आणि गॅरेथ हेन्री या कार्यकर्त्याची तक्रार आंतर-अमेरिकन मानवी हक्क आयोगाकडे गेली. २०२१ ला आयोगाचा अहवाल बाहेर आला की जमैकाने त्यांच्या हक्कांचं उल्लंघन केलंय आणि हे कायदे रद्द करावेत. सरकारने काही केलं नाही. दुसरीकडे २०१२ ला डायना किंग या जमैकन गायिकेने उघड सांगितलं की मी लेस्बियन आहे. २०१५ ला ओबामा किंग्स्टनला आले तेव्हा त्यांनी तरुणांच्या सभेत एंजेलिन जॅक्सन या लेस्बियन कार्यकर्तीचं नाव घेऊन कौतुक केलं, ती समोर बसलेली होती, देशभर टीव्हीवर. जमैकात हे याआधी कधी झालं नव्हतं.

आजाराचं पण सांगायला हवं. जमैकात एकूण प्रौढांमधे एचआयव्हीचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आहे, पण पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमधे झालेल्या सर्व्हेंत ते ३० टक्क्यांच्या आसपास आलंय. लपून जगणाऱ्या माणसाला टेस्ट करायची भीती, नर्स ओळखीची निघेल म्हणून भीती, कंडोम खिशात सापडला तर भीती. त्यात कित्येक जण समाजासाठी लग्न करतात, मग ते घरापर्यंत पोचतं.

राजकारणी लोकांनी या रागाचा कसा वापर केला ते बघितलं की फार चीड येते. २००१-०२ ला विरोधी जमैका लेबर पार्टीने प्रचारात अशाच एका डान्सहॉल गाण्याचा वापर केला, रोख पंतप्रधान पी. जे. पॅटरसन यांच्याकडे होता, आणि देशाच्या पंतप्रधानाला रेडिओवर येऊन मी आयुष्यभर स्त्रियांकडेच आकर्षित होणारा माणूस आहे असं सांगावं लागलं. २००८ ला तेव्हाचे पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग बीबीसीवर म्हणाले की माझ्या मंत्रिमंडळात गे माणूस चालणार नाही. पण मग २०११ ची निवडणूक. टीव्हीवरच्या डिबेटमधे पोर्शिया सिम्पसन मिलर यांना विचारलं तर त्या म्हणाल्या की माणूस कामाचा असेल तर मी घेईन, आणि या कायद्याचा फेरविचार व्हायला हवा. सगळ्यांना वाटलं संपल्या. त्या ६३ पैकी ४२ जागा घेऊन जिंकल्या. मला हा जमैकाच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग वाटतो, कारण त्याने दाखवलं की लोकांना गे आवडत नसतील पण ते त्यावर मत देत नाहीत, नोकरी, महागाई, रस्ते यावर देतात. पुढाऱ्यांना वाटते तेवढी भीती वाटायचं कारण नव्हतं. पण सिम्पसन मिलर यांनी सत्तेत आल्यावर फेरविचाराचं मतदान संसदेत आणलंच नाही. नंतर अँड्र्यू होलनेस यांच्या पक्षाने सार्वमत घेऊ म्हटलं, तेही झालं नाही.

आणि २०११ मधेच आणखी एक गोष्ट झाली जी ब्रिटिशांच्या माथी मारता येणार नाही. जमैकाने राज्यघटनेत नवीन मूलभूत हक्कांची सनद आणली. तिच्यात स्पष्ट लिहिलं की लैंगिक गुन्ह्यांचे आधीपासून असलेले कायदे या हक्कांच्या विरोधात आहेत म्हणून रद्द करता येणार नाहीत. भेदभाव कशावरून करायचा नाही त्या यादीत "लिंग" हा शब्दसुद्धा टाळला आणि "पुरुष किंवा स्त्री असणं" असं लिहिलं, म्हणजे पुढे कुठल्या कोर्टाने त्यातून समलैंगिकांचे हक्क काढू नयेत. चर्चच्या वकिलांनी यासाठी वर्षानुवर्षं नेटाने काम केलं होतं. म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळातल्या कायद्याला स्वतंत्र जमैकाच्या संसदेने स्वतः कुलूप घातलं. मॉरिस टॉमलिन्सन या जमैकन वकिलाने २०१५ ला या कायद्याला आव्हान दिलं, २०२३ च्या ऑक्टोबरमधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या तरतुदीमुळे आमचे हात बांधलेले आहेत. त्याच्याआधी एका तरुणाने केस टाकली होती, धमक्यांमुळे २०१४ ला त्याने ती मागे घेतली.

त्याच २०१४ मधे किंग्स्टनमधे कायदा राहू द्या म्हणून चर्चवाल्यांची मोठी सभा झाली, हजारो लोक. त्याआधी वेस्ट इंडिज विद्यापीठातल्या एका प्रोफेसरांना एड्सच्या प्रकल्पातून काढलं होतं, कारण त्यांनी बेलीझच्या अशाच खटल्यात कायद्याच्या बाजूने वापरली गेलेली साक्ष दिली होती. लोक तोंडाला टेप लावून विद्यापीठाच्या गेटवर उभे राहिले, की आमचं तोंड बंद करताय. अमेरिकेतले इव्हँजेलिकल वक्तेही या काळात किंग्स्टनला येऊन भाषणं देत होते, आणि गंमत म्हणजे त्यांना कुणी परके म्हटलं नाही. दुसऱ्या बाजूला कॅनडा आणि अमेरिकेतल्या गे संघटनांनी जमैकावर बहिष्कार घाला, पर्यटनाला जाऊ नका अशी हाक दिली तेव्हा जे-फ्लॅगने स्वतः त्याला विरोध केला, कारण हॉटेलातली नोकरी गेलेला माणूस राग काढणार तो जवळच्याच गे पोरावर. माझ्या मते हे त्यांचं शहाणपण होतं, बाहेरून मदत करू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथल्या लोकांना विचारलं पाहिजे.

आपल्याकडच्या निकालाशी कॅरिबियनचा एक थेट धागाही आहे. एप्रिल २०१८ मधे त्रिनिदादच्या हायकोर्टाने जेसन जोन्स याच्या खटल्यात तिथला असाच कायदा घटनाबाह्य ठरवला, निकाल देणारे न्यायमूर्ती देविंद्र रामपरसाद, नावावरूनच कळतं की मूळ आपल्याकडचं. पाच महिन्यांनी, ६ सप्टेंबर २०१८ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ रद्द केलं आणि धनंजय चंद्रचूड, जे पुणे जिल्ह्यातल्या कनेरसरच्या घराण्यातले, त्यांनी आपल्या निकालपत्रात या त्रिनिदादच्या निकालाचा आधार घेतला. त्यानंतर तिकडे बेटामागून बेट सुटत गेलं, २०२२ ला अँटिग्वा, सेंट किट्स, बार्बाडोस, २०२४ ला डॉमिनिका, २०२५ च्या जुलैत सेंट लुसिया, जिथे ती रूटवाली टेस्ट झाली होती. पण सेंट व्हिन्सेंटच्या कोर्टाने २०२४ ला कायदा कायम ठेवला, आणि मार्च २०२५ मधे त्रिनिदादच्याच अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने जोन्सचा निकाल उलटवला, शिक्षा कमी केली पण गुन्हा परत गुन्हा झाला. सात वर्षं मोकळेपणी जगलेल्या लोकांना एका सकाळी कळलं की आपण पुन्हा गुन्हेगार. जोन्सने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जायचं ठरवलं. जमैकाचंही शेवटचं कोर्ट अजून तेच आहे.

मग जमैकात काहीच हललं नाही का? हललंय. २०११ ला पोलिसांनी भेदभाव न करण्याचं लेखी धोरण आणलं, कागदावर का होईना. २०१५ च्या ऑगस्टमधे जमैकात पहिला प्राइड, म्हणजे समलैंगिकांचा जाहीर उत्सव, झाला. त्यांनी मिरवणूक मुद्दाम काढली नाही. फ्लॅश मॉब, मेणबत्त्या लावून आठवण, चित्रांचं प्रदर्शन, कविता, पार्टी असा आठवडा केला, आणि आठवडा कुठला निवडला तर १ ऑगस्टचा गुलामगिरी मुक्तिदिन आणि ६ ऑगस्टचा स्वातंत्र्यदिन यांच्यामधला. आम्ही बाहेरून आलेलो नाही, त्या मुक्तीत आमचाही वाटा आहे, हे त्यांना कुठल्याही भाषणाशिवाय सांगता आलं. किंग्स्टनच्या महापौर अँजेला ब्राउन बर्क उद्घाटनाला स्वतः हजर राहिल्या. माँटेगो बेला मात्र २०१९ ला पालिकेने कार्यक्रमासाठी सांस्कृतिक केंद्र द्यायला नकार दिला आणि तिथला प्राइड रद्द करावा लागला. किंग्स्टनचा चालू राहिला, खेळाचे सामने, पार्ट्या, चर्चा, दर ऑगस्टला, आणि तिकडे यायला पोरं आता पूर्वीसारखं तोंड झाकून येत नाहीत असं तिथले कार्यकर्ते सांगतात, निदान गाडी असलेली तरी.